साडेपाचची बस नव्या जागेतून दिसेल का?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

त्यांचा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अपंगत्व आहे, फिट्सचा त्रास आहे आणि तो मोजके दहा-बारा शब्द बोलतो. गेली १९ वर्षं तो एका निवासी संस्थेत राहतो. तिथे एकूण ३२ जण आहेत. इमारत जुनी, दुमजली, लिफ्ट नाही, बाथरूमला उंबरठे. आता संस्था शहराबाहेर खास बांधलेल्या नव्या वास्तूत जाणार आहे. पालकसभेत नकाशे दाखवले गेले, संमतिपत्रं वाटली गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या ताईंना मात्र झोप लागत नाही. पाच वर्षांपूर्वी भावाची नुसती खोली बदलली, तर तीन आठवडे तो नीट झोपला नव्हता आणि फिट्स वाढल्या होत्या. संस्था म्हणते, त्याला आधी काही सांगू नका, उगाच बिथरेल. सहलीला जायचंय असं सांगून आम्ही घेऊन जाऊ. ७४ वर्षांची आई म्हणते, त्यापेक्षा त्याला घरी आणू. आत्ताची संस्था घरापासून वीस मिनिटांवर आहे, नवी जागा दीड तासावर. दर रविवारची भेट आता जमणार नाही. ‘मी त्याच्या भल्यासाठी विरोध करतेय की माझ्या सोयीसाठी, हेच मला कळेनासं झालंय,’ असं त्यांनी लिहिलं आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: ‘रोज साडेपाचला तो वॉचमनकाकांजवळ फाटकात उभा राहून बस बघतो. ती गेली की आत येतो. एवढीच त्याची हौस.’

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात नव्या इमारतीबद्दल आहे, संस्थेबद्दल आहे, आईबद्दल आहे, तुमच्या रविवारांबद्दल आहे. भावाचं काय म्हणणं आहे, ते मात्र कुठे नाही. हा तुम्हाला दोष देत नाही. त्याला कुणी काही विचारलेलंच नाही, तर तुम्ही लिहिणार कुठून? पण सही करायची का, विरोध करायचा का, घरी आणायचं का, या तिन्ही प्रश्नांच्या आधी तो प्रश्न येतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

‘सहलीला नेतो म्हणून नेऊ’ या गोष्टीला तुम्ही ठाम नकार द्या. बाकी सगळ्यावर बोलणी होऊ शकतात, यावर नाही. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला काही कळत नाही, हे त्यांनी गृहीत धरलं आहे, इतकंच. पण त्याला कळतं. कपाटं रिकामी होताना दिसतात. मावश्या कोपऱ्यात हळू आवाजात बोलायला लागतात. भिंतीवरचं घड्याळ उतरतं. शब्द न कळणाऱ्या माणसालाही घरातलं वातावरण बदललेलं कळतं, आणि कारण कळलं नाही की भीती वाढते. मग एके दिवशी त्याला गाडीत बसवायचं, गाणी म्हणायची, आणि संध्याकाळी परत आणायचंच नाही. त्या रात्री तो परतीच्या गाडीची वाट बघत बसेल. पुढे दवाखान्यात न्यायचं असेल, खरीच सहल असेल, तेव्हा तो गाडीत पाय ठेवेल का? एका दिवसाची रडारड टाळायला त्याचा गाडीवरचा, मावश्यांवरचा आणि तुमच्यावरचा विश्वास पणाला लावायचा, हा सौदा फार महागात पडेल.

तुम्ही पाच वर्षांपूर्वीचं उदाहरण दिलंय आणि त्यावरून निष्कर्ष काढलाय की त्याला बदल सोसत नाही. पण तेव्हा नेमकं काय झालं होतं, तेही तुम्हीच लिहिलंय: ‘रविवारी गेले तर तो दुसऱ्या खोलीत होता.’ म्हणजे तुम्हालाही सांगितलं नव्हतं आणि त्यालाही. शिवाय आधीच्या खोलीत त्याच्या शेजारच्या पलंगावर १४ वर्षं एकच माणूस झोपत होता, तो तिथेच राहिला. मग त्याला नेमकं सोसलं नाही ते काय? नवी खोली, की न सांगता झालेला बदल आणि तुटलेला शेजार? मला तरी दुसरं जास्त खरं वाटतं. तसं असेल, तर तुमच्या हातात करण्यासारखं पुष्कळ आहे.

जागा बदलल्यावर होणारी ही पडझड तुमच्या मनाचे खेळ नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या परिचर्या-निदान संघटनेने १९९२ सालीच ‘रिलोकेशन स्ट्रेस सिंड्रोम’ या नावाने तिला आपल्या यादीत जागा दिली. झोप उडणं, जेवण कमी होणं, गोंधळणं, गप्प होणं, चिकटून राहणं ही तिची लक्षणं. आणि ही अवस्था बिघडवणाऱ्या गोष्टींत ‘आधी तयारी करून न घेणं’ आणि ‘निर्णयात वाटा नसणं’ याही येतात.

अशा संस्थांमध्ये समुपदेशनासाठी मी बरीच वर्षं जात होते. तिथली एक सवय मला कायम खटकत आली. पन्नाशीचा माणूस असो, केस पांढरे झालेली बाई असो, सगळ्यांना ‘मुलं’ म्हणतात. ‘मुलांना उद्या नव्या जागी न्यायचं.’ बोलण्यात माया असते, पण त्या शब्दामागे हेही असतं की ठरवणारे आपण आणि जाणारे ते. तुमचा भाऊ ४१ वर्षांचा आहे. आपलं बिऱ्हाड हलतंय हे कळण्याचा त्याचा हक्क कुणाच्याही सहीपेक्षा मोठा आहे.

आता विरोधाबद्दल. सरसकट विरोध करू नका, असं मी स्पष्टच म्हणेन. जुन्या वास्तूवर आपला जीव असतो, पण वरच्या मजल्यावर व्हीलचेअरवरची माणसं, एकच जिना आणि रात्रपाळीला दोन कर्मचारी हे चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्री दोन वाजता धूर झाला तर? आगीच्या वेळी साधी लिफ्टही वापरायची नसते. तिथे तर तीही नाही. नीट आखलेल्या इमारतीत एकाच मजल्याचे आग रोखणाऱ्या दारांनी भाग पाडलेले असतात, म्हणजे पलंगासकट माणसाला शेजारच्या सुरक्षित भागात ढकलत नेता येतं, जिना उतरावाच लागत नाही. ही सोय जुन्या घरात मागाहून करणं जवळजवळ अशक्य असतं.

आणि उंबरठ्याचं म्हणाल, तर तो मावश्यांच्या कमरेला विचारा. जड माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत आणि खुर्चीतून शौचालयात ठेवायला दोन माणसं लागतात. दुसरी मावशी मोकळी होईपर्यंत तो माणूस तसाच पडून राहतो. अंघोळ त्याला हवी तेव्हा होत नाही, दोघी जमतील तेव्हा होते. छताला बसवलेल्या रुळावरून सरकणारं उचलयंत्र असेल, बाथरूममध्ये खुर्ची पूर्ण फिरवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असेल, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटरच्या आसपास असेल आणि रॅम्पला एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी दिलेली असेल, तर तिथल्या किती जणांचा दिवस त्यांच्या स्वतःच्या हातात येईल! तुमचा भाऊ चालता-फिरता आहे, म्हणून तुम्हाला उंबरठ्याचा त्रास जाणवला नसेल. त्याच्या शेजारच्यांना जाणवतो. पालकसभेतल्या त्या टाळ्यांमागे हेही होतं.

पण ‘खास बांधलेली’ म्हटल्यावर कुणासाठी खास, हे विचारायलाच हवं. नकाशावर सगळं ठीक असतं आणि माणूस आत गेला की चुकलेलं दिसतं. मी पाहिलेलं एक सांगते. एका संस्थेचं असंच स्थलांतर झालं. नवा कॉरिडॉर चांगला दहा फूट रुंद, गुळगुळीत, चकचकीत. जुन्या घरात एक अंध बाई सराईतपणे वावरायच्या. बोळ इतका अरुंद की दोन्ही हात दोन्ही भिंतींना लागत. एक खिळा लागला की डावीकडे जेवणघर, फरशीचा एक तुकडा पायाखाली डुगडुगला की पुढे आपली खोली. नव्या कॉरिडॉरमध्ये त्या चार पावलं गेल्या आणि मध्येच थांबल्या. हात दोन्हीकडे पसरलेले, बोटांना काहीच लागत नव्हतं. कुणीतरी येईल म्हणून त्या तशाच उभ्या होत्या. इतकी वर्षं स्वतःच्या पायांनी जेवायला जाणारी बाई त्या दिवसापासून हात धरून नेली जाऊ लागली. पुढे भिंतीला कठडा लावला, प्रत्येक दाराजवळ त्यावर वेगळ्या पोताची पट्टी चिकटवली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आधी एकदा त्यांना तिथे नेऊन चालायला सांगितलं असतं, तर हे महिने वाया गेले नसते. स्टेशनवर पायाखाली लागणाऱ्या उंचवट्याच्या फरश्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज त्या जगभर आहेत. पण अंध माणसं राहणार असलेल्या घरात त्या बसवायच्या, हे अजून आठवण करून द्यावं लागतं.

म्हणून नव्या जागेला भेट द्या, आणि पाहुणी म्हणून देऊ नका. मोठ्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज घुमत राहिला, तर ३२ जणांच्या जेवणाच्या वेळी तिथे काय गलका होईल याचा अंदाज घ्या. आवाज सोसत नाही अशा माणसाला तो मार वाटतो. पडदे, कापडी पॅनेल, छताला आवाज शोषणारं अस्तर हे नंतरही करता येतं, पण मागावं लागतं. व्हीलचेअरमध्ये स्वतः बसा आणि पलंगापासून शौचालयापर्यंत जा, आतून दार लावून बघा. लावता आलं नाही, तर तिथल्या माणसाला आयुष्यभर उघड्या दारात बसावं लागणार आहे. अंघोळीच्या नळाला गरम पाण्यावर मर्यादा आहे का, हेही विचारा. ब्रिटनमधल्या काळजीगृहांत ही मर्यादा ४४ अंश सेल्सिअस सांगितली जाते, कारण भाजतंय हे ज्याला कळत नाही किंवा सांगता येत नाही, तो हात मागे घेत नाही. आणि तुमच्या भावासाठी खास: बाथरूमचं दार बाहेर उघडतं का? आत उघडणारं दार असेल आणि फिट येऊन माणूस दाराशीच पडला, तर त्याच्या अंगानेच दार अडतं. बाहेरून उघडता येणारी कडी आणि बाहेर उघडणारं दार, एवढं त्याच्यासाठी हवंच.

आता अंतर. इथे तुम्ही स्वतःला फार बोल लावलाय. ताई, १९ वर्षं जवळजवळ दर रविवारी कुणी येतं, हे त्या माणसाच्या आयुष्यातलं नियमित, हक्काचं असं एकमेव नातं असेल. त्याला तुमची सोय म्हणणं बरोबर नाही. रविवार ही त्याची गरज आहे, आणि ती बैठकीत बिनदिक्कत मांडा. दुसरं असं की, नव्या वास्तू बहुतेक वेळा जमीन मिळते तिथे होतात, आणि जमीन वस्तीबाहेर मिळते. म्हणजे इमारतीच्या आतले अडथळे जातात आणि बाहेरचं जगच लांब जातं. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचं १९वं कलम समाजात, इतरांच्या बरोबरीने राहण्याच्या हक्काबद्दल आहे. पुढे २०१७ साली त्या कराराच्या समितीने या कलमाचं स्पष्टीकरण दिलं. शंभराहून जास्त माणसांचं केंद्र असो की पाच ते आठ जणांचं छोटं घर, रोजच्या जगण्यावर राहणाऱ्याचा ताबा नसेल तर त्याला स्वतंत्र जगणं म्हणता येणार नाही, असं त्यात आहे. मला हे फार पटतं. फाटकाबाहेर काय आहे, त्यातून कोण आत येतं आणि कोण कधी बाहेर जातं, यावर घर की आवार ते ठरतं.

म्हणून संस्थेला मी विचारेन ते असं: सार्वजनिक बस नव्या फाटकापर्यंत येते का? नसेल, तर रविवारी संस्थेची गाडी शेवटच्या थांब्यावरून नातेवाइकांना नेईल का? आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ मिळेल का? रात्री मुक्काम करता येईल अशी एक खोली पालकांसाठी ठेवता येईल का, म्हणजे दर रविवारऐवजी महिन्यातून दोनदा पण पूर्ण दीड दिवस? या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. आधी मागितल्या तर आराखड्यात बसतात, नंतर मागितल्या तर तक्रार ठरतात.

आईचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ७४व्या वर्षी मुलाला जवळ घ्यावंसं वाटणं मी समजू शकते. पण ‘घरी आणू’ म्हणताना घर कुणाचं, याचा विचार करा. त्याच्या लेखी गेल्या १९ वर्षांचं घर ती संस्था आहे: त्या मावश्या, तो शेजारचा पलंग, ते फाटक. तुमच्याकडे आणणं हेसुद्धा त्याच्यासाठी स्थलांतरच आहे, आणि त्यात तर ओळखीची सगळीच माणसं सुटतील. रात्री फिट आली तर कोण उठणार, आईच्या पश्चात काय, तुमचं काम कसं चालणार, या प्रश्नांची उत्तरं निवांतपणे शोधून तुम्ही घरी आणायचं ठरवलंत, तर तो उत्तम निर्णय असू शकतो. भीतीपोटी, स्थलांतराच्या आठवड्यात घेतला, तर बहुधा तो टिकणार नाही आणि भावाला वर्षभरात दोनदा हलावं लागेल. शहरातच चार-पाच जणांचं, सोबतीला मदतनीस असलेलं घर अशी सोय कुणी करतंय का, याची मात्र जरूर चौकशी करा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली पेनहर्स्ट ही अवाढव्य संस्था १९८७ साली बंद झाली. तिथून वस्तीतल्या लहान घरांत गेलेल्या माणसांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. आधी कडाडून विरोध करणाऱ्या अनेक कुटुंबांनी नंतर आपलं मत बदललं, आणि ती माणसं स्वतःची कामं जास्त करू लागली. तिथला प्रवास मोठ्या संस्थेतून वस्तीकडे होता. तुमच्याकडे तो वस्तीतून बाहेर आहे, हा फरक विसरू नका.

आणखी एक मोह होईल: सामानाची हलवाहलव चालू असताना त्याला चार दिवस घरी आणावं आणि मग थेट नव्या जागी सोडावं. माझं मत, असं करू नका. त्याच्या दृष्टीने तो घरून परत निघाला आणि त्याचं घरच नाहीसं झालेलं असेल. खोली रिकामी होताना त्याला बघू दे. त्याचं गाठोडं त्याला बांधू दे. शेवटी फाटक लावतील तेव्हा त्यालाही तिथे थांबू दे.

त्याला सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात जास्त मेहनत तिथेच आहे. फोटोंची छोटी वही करा. पहिल्या पानावर जुनी इमारत, मग त्याच्या मावश्यांचे फोटो, मग नवी इमारत, तिथलं दार, तिथला पलंग, तिथे उभ्या त्याच मावश्या. एका पानावर एक वाक्य, त्याच्याच दहा-बारा शब्दांत. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने ती वही वाचायची. किती आधीपासून, हे मी इथून सांगू शकत नाही. काहींना दोन महिन्यांची वाट म्हणजे छळ होतो, काहींना दोन आठवडे अपुरे पडतात. त्याला रोज सांभाळणाऱ्या मावशीला विचारा, ती अचूक सांगेल. मग भेटी: पहिल्यांदा नुसतं बाहेरून बघून परत, मग एक दुपार, मग जेवण, मग एक रात्र आणि सकाळी परत. दर वेळी परत येणं महत्त्वाचं, म्हणजे गाडीवरचा विश्वास टिकतो.

शेजारी कोण हवं, हे त्याला फोटो मांडून विचारा. एका बाजूला हसऱ्या चेहऱ्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला रडक्या, आणि एकेक फोटो त्याने हवा तिकडे ठेवायचा. बोलू न शकणारी माणसंही या पद्धतीने अगदी स्पष्ट मतं देतात. एकदा विचारून खात्री वाटली नाही, तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. आणि खोलीत पलंग मांडताना भिंत त्याच्या त्याच हाताला येऊ द्या. रात्री जाग आल्यावर हात भिंतीला लागला की निम्मी भीती जाते. चादर, उशी, पांघरूण जुनंच न्या आणि कृपा करून आदल्या दिवशी धुऊ नका. ओळखीचा वास न धुतलेल्या पांघरुणातच राहतो.

मात्र या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मावश्या. त्यांच्यातल्या किती जणी नव्या जागी येणार आहेत? बऱ्याच जणी जुन्या वास्तूच्या आसपास राहत असतील, त्यांची मुलं तिथल्या शाळेत असतील. दीड तास जाऊन रात्रपाळी करून दीड तास परत येणं किती जणींना झेपेल? पालकसभेत फरशीच्या रंगावर चर्चा होते, यावर होत नाही. चार-पाच जुन्या मावश्यांनी नोकरी सोडली, तर तुमचा भाऊ एकाच आठवड्यात जागाही गमावेल आणि माणसंही. त्याचा फिट येण्याआधीचा चेहरा त्या ओळखतात, हे ज्ञान कुठल्याही फायलीत नाही. कर्मचाऱ्यांसाठी गाडी, येण्या-जाण्याच्या वेळेचा मोबदला, आणि निदान पहिले तीन महिने जुन्या-नव्यांनी एकत्र काम करणं, याचा आग्रह पालकांनीच धरायला हवा. मावश्यांसाठी भांडणं म्हणजे तुमच्या भावासाठीच भांडणं आहे.

फिट्सबद्दल डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा. अपुरी झोप, ताण आणि चुकलेला डोस या तिन्हीने फिट येऊ शकते, आणि हलवाहलवीच्या दिवशी तिन्ही एकत्र येतात. महिनाभर आधीपासून फिट्सची आणि झोपेची नोंद ठेवायला सांगा, म्हणजे नंतर वाढल्या की नाही, हे अंदाजाने बोलावं लागणार नाही. औषधं टेम्पोतल्या खोक्यात जाऊ नयेत. ती एका ठरलेल्या माणसाच्या हातात, घड्याळ बघून. फिट लांबली तर द्यायचं औषध गाडीत असू दे. नव्या जागेजवळचं, रात्री उघडं असणारं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे कुणीतरी प्रत्यक्ष गाडीने जाऊन मोजलेलं असावं. आणि तिथे गेल्यावर तो ओरडला, डोकं आपटू लागला, तर ‘जागा बदलली म्हणून’ असं लगेच ठरवू देऊ नका. दात दुखत असेल, पोट साफ झालं नसेल, लघवीला जळजळ असेल. आधी तपासणी, मग समजूत. शांत करणाऱ्या गोळ्या तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नकोतच.

‘रुळेपर्यंत महिनाभर भेटायला येऊ नका’ असंही तुम्हाला कदाचित सांगतील. मला हे पटत नाही. पहिल्याच आठवड्यात जा, तासभरच बसा आणि निघताना पुन्हा कधी येणार तो दिवस कॅलेंडरवर त्याच्यासमोर खुणेने दाखवा. तुम्ही त्याला नव्या पत्त्यावर सापडलात, हे त्याला कळू दे.

संमतिपत्राचं आता सोपं होईल. कोरी सही करू नका आणि फाडूही नका. ‘पुढील गोष्टींची लेखी हमी मिळाल्यास संमती’ असं लिहून खाली मागण्या लिहा: भावाला आधी सांगणं, निदान तीन भेटी, शेजारी त्याच्या पसंतीचा, ओळखीच्या दोन मावश्या पहिले तीन महिने, बाथरूमचं दार, रविवारची गाडी. ३२ जणांना एकाच दिवशी न हलवता पाच-सहा जणांचे गट करून न्यावं, हेही त्यात घाला. एकटीने देऊ नका. तुमच्यासारख्या न झोपलेल्या आणखी दोन-चार घरच्यांना गाठा. टाळ्या वाजवणाऱ्यांतही ते सापडतील. आणि स्थलांतराच्या समितीत तिथे राहणाऱ्यांपैकी दोघांना घ्या, अशी मागणी करा. हे पत्र संस्था चालवणारं कुणी वाचत असेल, तर त्यांनाही माझी हीच विनंती आहे. त्या दोघांना बैठकीत सगळं कळलं नाही तरी चालेल. त्यांच्यासमोर ‘सहलीला नेतो सांगू’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही.

राहिली शेवटची ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. नव्या वास्तूच्या नकाशात उचलयंत्र असेल, रॅम्प असेल, बाग असेल. संध्याकाळी साडेपाचला फाटकातून काय दिसतं, हे नकाशात नसतं. तुम्ही भेटीला जाल तेव्हा साडेपाचपर्यंत थांबा. रस्ता फाटकापासून किती लांब आहे, बस जाते का, बसायला कठडा आहे का, सोबतीला कुणी असतं का, ते बघा. बस नसेलच, तर त्याला आठवड्यातून दोनदा जवळच्या थांब्यावर नेण्याचं वेळापत्रक मागा, आणि ते मागण्यांच्या यादीत सगळ्यात वर लिहा.

येत्या रविवारी नेहमीपेक्षा उशिरा जा. नव्या इमारतीचा एक फोटो सोबत घ्या आणि साडेपाचला फाटकात त्याच्या शेजारी उभ्या राहा. बस येऊन जाऊ दे. मग फोटो त्याच्या हातात द्या आणि काही न बोलता थोडं थांबा. तो बघेल, उलटा धरेल, कदाचित परत तुमच्या हातात देईल. त्याने काय केलं, ते मला कळवा.